एक वाजताची बरबटी

मनोहरची बातमी आली तेव्हा मी जेवून हात धूत होतो. रविवार होता, दीड वाजत आला होता. फोनवर प्रमिलावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, लवकर या. हे उठूनच नाई राह्यले." सकाळी स्वयंपाकघरातलं काम आटोपून तो जरा पडला होता. तो तिथेच संपला.

आम्ही दोघंही रोहणा गावचे. त्याचं घर बौद्ध वस्तीत, आमचं देवळाच्या बाजूला. त्याची आई कामावर जाताना बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा आणि डुकराच्या चरबीचा तुकडा हंडीत घालून गोवरीच्या विस्तवावर ठेवायची आणि संध्याकाळी आल्यावरच झाकण काढायची. तो वास शाळेच्या वाटेवर यायचा. तिकडं पाहू नको, असं मला घरी बजावलेलं होतं.

पुढे दोघंही वर्ध्यात आलो. तो रेल्वेत लागला, मी वर्तमानपत्रात. निवृत्तीनंतर त्याच्या मुलाने परदेशातून मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं आणलं. "मायची हंडी आली," मनोहर म्हणाला. मग दर रविवारी सात वाजता बरबटी, बटाटा, कांदा, ठेचलेला लसूण, सुकी लाल मिरची आणि नागपूरहून आणलेलं बेकन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, असं सगळं तो त्यात घालायचा. पाणी अगदी थोडं. एक वाजता टक् आवाज व्हायचा आणि भांडं शिजवणं थांबवून नुसतं गरम ठेवायचं.

मी दहाच्या सुमारास जायचो. चहा घ्यायचो, झाकण उचलून वास घ्यायचो, छान आहे म्हणायचो आणि बारापर्यंत घरी परतायचो.

"झाकण काऊन उघडतं बे? अर्ध्या घंट्याची वाफ गेली ना," तो ओरडायचा. एकदा हसत म्हणाला, "वर्ध्यात येऊन चाळीस वर्षं झाले, वासानंच पोट भरते का तुझं?"

मी हसलो. समतेवर मी अनेक अग्रलेख लिहिले होते... त्याने ते कापून ठेवले होते.

शेवटच्या आठवड्यात तो हसला नाही. म्हणाला, "या रविवारी जेवाले येजो. नुसता चहा प्यायले येऊ नको." मी होकार दिला. त्या रविवारी एक वाजता मी घरी वरण-भात जेवलो. उशिरा जायचं आणि जेवून आलो म्हणून सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

अंत्यविधी संध्याकाळी झाला. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. चहासुद्धा शेजारून आला. पण घरात शिजलेल्या लसणाचा आणि मांसाचा वास होता. लोक एकमेकांकडे पाहत होते. मी आत गेलो. ओट्यावरच्या भांड्याचा लाल दिवा लागलेला होता. सकाळपासून तिकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

वहिनी दारात उभ्या होत्या. "तुमच्यासाठीच लावलंतं. तुम्ही जेवले का, भाऊजी?"

"जेवलो," मी म्हणालो.

त्यांनी बटण बंद केलं. भाजीचं पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. लोकांना प्रश्न विचारण्यात माझं आयुष्य गेलं, पण हा मी विचारला नाही.

तीन आठवड्यांनी वहिनींनी ते भांडं ऑटोने माझ्याकडे पाठवलं. सोबत निरोप होता, 'झाकण सांभाळजा, काचेचं हाये.'

आता रविवारी सात वाजता मी ते लावतो. सामान तेच, पाणी थोडं. दहा वाजता हात झाकणाकडे जातो, तो मी मागे घेतो. एक वाजता टक् आवाज होतो आणि मी दाराकडे पाहतो. मग वाढून घेतो, सगळं खातो. भाजी त्याच्यासारखी झाली की नाही, हे मात्र मला सांगता येत नाही. त्याच्या हातची मी कधी खाल्लीच नव्हती.