दोन कंपन्या आणि मी उचललेला फोन

मंगळवारी सकाळी वालूरच्या आमच्या घरात माझ्या हातून एक काम झालं... चांगलं झालं का वाईट, मला अजून कळलेलं नाही. म्हणून लिहायलेय. लिहिण्यात चुका दिसल्या तर सोडून द्या, शिकवायला येऊ नका.

माझी सून अश्विनी गेम बनवते. तिचे दोघं सोबती पुण्यात, ही इथं लॅपटॉपवर. तीन वर्षं झाली, एकच गेम. मोबाईलवरचा नाही, टीव्हीला मशीन जोडून खेळतात तसला.

आता गेम झाला, तर मशीनच्या दोन मोठ्या कंपन्या मागं लागल्या. पहिली म्हणते, वर्षभर फक्त आमच्याच मशीनवर द्या, आम्ही मदतीला माणसं देतो, जाहिरात करतो. दुसरी म्हणते, आमच्याकडं खेळणारे जास्त आहेत, आम्ही बांधून ठेवत नाही... पण मदत काही नाही. चुकीच्या जागी गेला तर तीन वर्षांच्या कामाकडं कुणी बघणार पण नाही. पोरगी दोन दिवस धड जेवेना.

मला तर मुळातच काही समजेना. मशीन त्यांचं, कंपनी एवढी मोठी, मग वालूरच्या पोरीच्या मागं कशाला फिरतील? विचारलं तर म्हणाली (आमच्यात सासूला आत्याच म्हणतात), "आत्या, मशीन कितीबी भारी असू द्या. खेळायला गेम नसंल तर ते नुसतं खोकं हाय. सगळे गेम त्यांना स्वतःला बनवता येत न्हाईत."

मग जरा डोक्यात शिरलं. आमची मेंढरं आहेत. पिकं निघाली की शेतकरी आमच्या ह्यांच्या मागं लागतात, आमच्या रानात बसवा म्हणून... मेंढरं बसली की रानाला खत. मी म्हटलं, मग आठ दिवस याच्याकडं बसव, आठ दिवस त्याच्याकडं. यात उपाशी राहण्यासारखं काय आहे?

तिनं कपाळाला हात लावला. गेम असा उठवून दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही म्हणे, त्याच्यासाठी पुन्हा चार-पाच महिने काम करावं लागतं. आणि माणसं तीनच. झालं... मी होते तिथंच.

ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिचा फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मला वाजता फोन सहन होत नाही. उचलला. पहिल्या कंपनीची बाई होती, हिंदीत बोलत होती.

आता आमच्यात रीत अशी, दोन शेतकरी मागं असले की दोघांना तोंडावर सांगायचं. लपवलं की पुढं भांडणं. मी पण सांगून टाकलं, "मॅडम, और एक कंपनी है. वो भी लय दिन से पिच्छे लगी है. एक साल कायकू पकडके रखते? छे महिने बस हुए."

बाई नंतर फोन करते म्हणाली आणि ठेवून दिला.

अश्विनी खाली आली, तिला सांगितलं. तिचं तोंडच उतरलं. दुसऱ्या कंपनीचं नाव पण काढायचं नव्हतं म्हणे.

"आत्या, तुमी काय मेंढरं विकायलात का?"

"विकायले नाही, बसवायलेय," मी म्हटलं. पण आतून घाबरले होते... पोरीची तीन वर्षं आपण मातीत घातली की काय.

दोन दिवस तिकडून काही नाही. घरात नुसती भांडी वाजत होती.

काल मेल आला. सहा महिने चालतील म्हणून. माणसं पण देणार.

आता हे माझ्यामुळं झालं का त्यांचं आधीच ठरलं होतं, कुणालाच सांगता येईना. पुण्याचा एक सोबती म्हणतो, इथून पुढं बोलायला आत्यांनाच बसवा. दुसरा म्हणतो, आत्यांपासून फोन लांब ठेवा. मला दोघांचंही पटलं.

संध्याकाळी सहीची वेळ आली. सगळं इंग्रजीत, मला त्यातलं अक्षर कळत नाही. तरी तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला आणि विचारलं, "आत्या, करू का सही?"

मी म्हटलं, कर.

मशीनचं, कंपन्यांचं मला अजून धड समजलेलं नाही... पण पोरी, तू मला विचारलंस, लय बरं वाटलं.