आतड्याचा फोटो आणि मालन मावशी

जिथं माणूस घाबरून येतो आणि वर पोट रिकामं करून येतो, तिथं किस्स्यांना काय तोटा! मी बारामतीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये सीटी स्कॅनचा टेक्निशियन आहे. संध्याकाळी मित्र भेटले की "आज काय झालं?" एवढंच विचारतात आणि माझा चहा गार होतो. आता किस्से इतके साठलेत की बायको म्हणते, "लिहून काढा एकदाचे, म्हणजे जेवताना तरी सांगणार नाही."

तर आमच्याकडं मोठ्या आतड्याचा स्कॅन होतो. आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं, पोट साफ व्हायचं औषध प्यायचं, सकाळी यायचं. मागच्या बाजूनं एक छोटी नळी जराशीच आत घालून गॅसनं आतडं फुगवतात आणि मशीन बाहेरून फोटो काढतं. एकदा उताणं, एकदा पालथं. भूल नाही, लांबलचक दुर्बीण नाही. कॅन्सर व्हायच्या आधीच आत काही उगवलंय का, ते बघायचं.

आमचा स्टाफ तिघांचा. फोटो बघून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर मॅडम, मी आणि मालन मावशी. मावशी माळेगाव बुद्रुकहून येतात. पेशंटला गाऊन देणं, टेबलावर झोपवणं आणि धीर देणं ही त्यांची कामं. धीर देण्यात तर त्यांचा हात कुणी धरणार नाही. "काय होत न्हाय. सुई न्हाय, भूल न्हाय, पंधरा मिंटात मोकळं."

पण स्वतःचं नाव काढलं की मावशी गायब. दोन वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेले. मॅडम तेव्हाच म्हणाल्या, "मालनताई, सख्ख्या भावाला झालाय. तुम्ही खरं तर दुर्बिणीनंच तपासून घ्या. ती नको असेल तर निदान आपला स्कॅन तरी करा." मावशींनी हो म्हणून मान हलवली. तेव्हापासून कधी सून बाळंत, कधी गुडघा, कधी मालकांची कारखान्यात पहिली पाळी. सबब मात्र कायम ताजी!

*

लोणी भापकरचे बापूराव आले ते खुशीत. मावशींनी विचारलं, "काल फकस्त पातळच घेतलं न्हवं?"

"फकस्त पातळ. सात वाट्या."

"कशाच्या?"

"रश्श्याच्या. गावात जत्रा हाय. पण पीसला हात लावला न्हाय, पायजे तर मंडळीला इचारा."

मंडळी शेजारीच होत्या. त्यांनी मान डोलावली. वर म्हणाल्या, "भाकरीबी दिली न्हाय मी."

बापूरावांना चार दिवसांनी परत यावं लागलं. त्या दिवसापासून आमच्या छापील सूचनांच्या कागदावर कुणी भरवसा ठेवत नाही. मावशी प्रत्येकाला तोंडी नियम सांगतात, "गिलासात बोट बुडवायचं. बोट दिसलं तर प्यायचं, न्हाय दिसलं तर म्हशीला घालायचं."

*

इंदापूरच्या एका गुरुजींना वाटलं, औषध जितकं ताजं तितकं बरं. रात्री घ्यायचं औषध त्यांनी सकाळी घेतलं आणि एसटीत बसले.

गाडी बारामतीपर्यंत चार ठिकाणी थांबली. पहिल्यांदा लोक कुरकुरले. दुसऱ्यांदा सगळ्यांनी उतरून चहा घेतला. तिसऱ्यांदा एका म्हातारीनं गुरुजींना स्वतःची पाण्याची बाटली दिली. चौथ्यांदा ड्रायव्हरनंच मागं वळून विचारलं, "गुरुजी, हितं चालंल का, का जरा पुढं घिऊ?"

गुरुजी आमच्याकडं पोचले, स्कॅन झाला, छान झाला. आदल्या रात्री औषध घेणाऱ्यांचंही पोट इतकं स्वच्छ नसतं. अकराच्या सुमाराला खाकी कपड्यातला एक माणूस काउंटरवर आला. मी म्हटलं, "अपॉइंटमेंट आहे का?"

"न्हाय हो. मी कंडक्टर. गाडी परत निघालीय. आमचं पॅसिंजर नीट हाय का ते बघून ये म्हणलीत समदी."

*

स्कॅन झाला की पोटात भरलेला गॅस बाहेर पडावा लागतो. लाजायचं काम नाही, हे आम्ही बजावून सांगतो. पण एका आबांना घेऊन त्यांचे व्याही आले होते. लेकीचे सासरे! आबा स्कॅन करून बाकावर बसले, शेजारी व्याही. आबांनी पाठ ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. कपाळावर घाम.

मॅडम घाबरल्या, बीपी तपासायला धावल्या. मावशींनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "पाव्हणं, तुमची गाडी खाली आडवी लागलीय. जरा काढता का?"

व्याही उठून गेले. पुढच्या दोन मिनिटांत आबांचा रंग परत आला. ते मावशींना हात जोडून म्हणाले, "लेकीच्या सासऱ्यापुढं कसं करायचं हो?"

व्याही वर आले तेव्हा मावशींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गाडी सरळच हाय, मला ठावं हाय. मागल्या महिन्यात माझा स्कॅन केला, तवा हे बसलं व्हतं माझ्या शेजारी. मी तसाच घरापतूर गेलो."

*

पेरूची बाग असलेले एक तात्या. मॅडमनी त्यांना कॉम्प्युटरवर त्यांच्याच आतड्याचं चित्र दाखवलं, आतून चालत गेल्यासारखं. तात्यांनी चष्मा लावला आणि वाकून वाकून बघितलं. "माझ्या ड्रिपची मेन लाइन एवढी साफ असती तर बाग कुठल्या कुठं गेली असती."

मॅडमनी समजावलं, की स्कॅनमध्ये आतड्याला फुटलेला काही कोंब, म्हणजे पॉलिप, दिसला तर तो काढायला दुर्बीण घालावीच लागते. स्कॅन फक्त दाखवतो.

"म्हंजी आदी ड्रोन फिरवायचा, रोग दिसला तरच माणूस वाफ्यात उतरवायचा."

मॅडम आता हेच वाक्य सगळ्या पेशंटना सांगतात. माझ्यासमोर तर स्वतःचंच असल्यासारखं सांगतात.

*

आणि ही डाळजच्या सोनाबाई आजींची गोष्ट.

आजी गाऊन घालून टेबलापर्यंत आल्या आणि थांबल्या. मावशींनी नेहमीचं सुरू केलं, काय होत न्हाय, सुई न्हाय. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू केलीयास का गं ही तपासणी?"

मी काचेच्या अलीकडं मशीनच्या बटणांपाशी, मॅडम दारात. मावशींना खोटं बोलता आलं असतं, पण त्या "न्हाय" म्हणाल्या.

"मंग मला कशाला गं सांगतीस?" आजींनी गाऊनची नाडी सोडायला घेतली.

"सोमवारी या," मावशी म्हणाल्या. "आदी मी. मागनं तुमी."

सोमवारी आजी खरंच आल्या आणि बाकावर पहारा दिल्यासारख्या बसल्या. मावशी टेबलावर झोपल्या. नळी मॅडमनी घातली. मी बटण दाबलं.

इथं एक सांगायला हवं. श्वास कधी धरायचा ते मशीन बोलून सांगतं. कंपनीचा आवाज इंग्रजी होता, तो कुणाला कळेना, म्हणून आम्ही मावशींचाच आवाज भरून घेतला होता. "दम घ्या. धरा. हालू नगा म्हणलं ना! सोडा." तो आवाज ऐकून भलेभले पैलवान निपचित पडायचे.

आता तोच आवाज मावशींच्या डोक्यावर सुरू झाला. पालथ्या पडलेल्या मावशी आतून म्हणाल्या, "किती दरडावतीया ही बया!" मला हसू आवरेना. मग पडद्यावरचे फोटो बघणाऱ्या मॅडमच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि हसू थांबलं. मावशी बाहेर आल्यावर मॅडमनी बाकाजवळच सांगितलं.

"मालनताई, एक कोंब आहे. लहान आहे. पुण्याला जाऊन दुर्बिणीनं काढायचा."

"दादाचं असंच व्हतं?"

"दादांचं आपण वेळेत बघितलंच नव्हतं. रक्त पडायला लागल्यावर आले ते."

मावशी रडल्या. सहा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. आजींनी बाकावरून सगळं ऐकलं होतं. आम्हाला वाटलं, आता ही म्हातारी पळणार. आजी उठल्या, मावशींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही बरी हून आली की मग माझं. हिच्याबिगर न्हाय."

पुण्यात दुर्बिणीनं कोंब काढला. तपासणीचा रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. मॅडमनी तो मला फोनवर वाचून दाखवला आणि मी सेंटरच्या जिन्यात एकटाच नाचलो.

मावशी कामावर आल्या त्या सकाळी त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "महेश, ते मशीनमदलं माझं बोलणं पुसून टाक. दुसरं भरू."

"का? चांगलं आहे की."

"आत पडल्यावर चांगलं लागत न्हाय."

तीनदा भरलं, तिसऱ्यांदा त्यांच्या मनासारखं झालं. दुपारी डाळजहून आजी आल्या, आपणहून टेबलावर चढल्या. मावशी काचेच्या अलीकडं माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं.

"दम घ्या. आता धरा. हालू नगा, मी हितंच हाय. सोडा. झालं बगा."

बोलायचं नाही म्हणून आजींना चारदा सांगितलं होतं. तरी आतून आवाज आला, "व्हय गं, माजे लेकी."