एगमचा वेल, एगमचा चपान

नवरा कसा होता असं कुणी विचारलं, की मुअत्तर एकच शब्द बोलायची. "कंजूष." आणि मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसायची.

होताच हो कंजूष, मी सांगते ना! चुस्त गावातल्या आमच्या गल्लीत एगमचा द्राक्षवेल कुणाला ठाऊक नाही? हुसैनी जातीचा. एकेक द्राक्ष नव्या नवरीच्या करंगळीसारखं लांबसडक. मांडव अख्ख्या अंगणावर पसरलेला आणि त्याखाली एक भलीमोठी लाकडी बाज. जेवायचं तिच्यावर, झोपायचं तिच्यावर, आणि भांडायचंही तिच्यावरच. द्राक्षं म्हणाल तर माणूस दिलदार, घरोघरी तसराळी भरून धाडायचा. पण नवा वेल लावायला काडी? नाव काढू नका. छाटणी झाली की सगळ्या काड्या गोळा करून तंदूरमध्ये घालायचा, आणि राख होईपर्यंत तिथून हलायचा नाही.

शेजारणीनं, हमरोखाननं, एकदा लाडीगोडी लावून पाहिली. "दे की रे एक काडी. तुझ्या वेलाला काय टक्कल पडणारे?"

"ओपा, तुम्ही मला थोरल्या बहिणीसारख्या. लेकाला मुलगी मागा, लगेच देतो. काडी नाही."

ह्याला मुलगी होती कुठं! एकुलता एक नोदिर.

मुअत्तर स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, नोदिरचे बाबा! एकदाचा निकाह लावून टाका त्या वेलाशी, मी जाते माहेरी."

"जा की. माहेरी एवढी सावली कुठाय पण?"

नव्हतीच. म्हणून राहिली, असं ती म्हणायची. ऐकून घ्यायचं आपण.

जर्दाळू पिकायच्या दिवसांत एगम गेला. त्याच बाजेवर बसून चहा मागितला, मुअत्तर किटली घेऊन आली तोवर संपलं होतं. नोदिर रशियातून आला, बापाला माती दिली, आईच्या गळ्यात पडून रडला आणि परत कामावर गेला. म्हणाला, "आई, चल माझ्याबरोबर." ती म्हणाली, "तुझ्या त्या सातव्या मजल्यावर मांडव कुठं घालू?"

तो उन्हाळा तिनं वेलाखालीच काढला. तिथंच निजायची, तिथंच जेवायची. दर गुरुवारी कढईत तेल तापवून चार पुऱ्या तळायची, कारण गेलेली माणसं त्या दिवशी घरचा वास घ्यायला येतात. वास वर जायचा, पानांत अडकायचा. मग ही आपली वर बघून बोलत बसायची. "आलात? बसा. द्राक्षं पिकलीत. हमरोखानला दिली, काडी नाही दिली, काळजी नको." वारा आला की पानं हलायची, हिला तेवढं उत्तर पुरायचं. आम्ही भिंतीपलीकडून ऐकायचो आणि एकमेकींना कोपरानं ढोसायचो. हसू यायचं, पण मोठ्यानं कुणी हसायचं नाही.

थंडी आली. आमच्याकडे द्राक्षवेल हिवाळ्यात उघडा ठेवत नाहीत, गोठून मरतो. पानं झडली की छाटायचा, मांडवावरून खाली उतरवायचा, चरात आडवा निजवायचा, वर बोरूचं वाळकं गवत टाकायचं आणि मातीनं पुरून टाकायचा. वसंतात पुन्हा उकरून काढायचा. हे काम पुरुषांचं. हमरोखान म्हणाली, "माझ्या पोराला, रहीमला पाठवते, तासाभरात करून देईल."

"नको गं ओपा. रहीमनं तुझा स्वतःचा वेल कधी धड पुरलाय? जन्मभर बघत आले मी, मला येत नाही होय?"

आणि खरंच, केलं तिनं. कंबर मोडेस्तोवर खणलं. वेल हळूहळू उतरवला, म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या उतरवावं तसा. काड्या तंदूरमध्ये जाळल्या, अगदी त्याच्यासारख्याच, राख होईपर्यंत तिथून हलली नाही. मग तिला वाटलं, नुसता बोरू कसा पुरेल? आत जाऊन तिनं खुंटीवरचा चपान आणला. निळा, कापूस भरलेला, एगमचा रोजच्या वापरातला लांब कोट. त्याचा वास होता त्याला, ती रोज नाक लावायची. तो तिनं वेलाला गुंडाळला, बाह्या बुंध्याशी बांधल्या. वर प्लास्टिकचा जाड कागद सगळीकडून घट्ट दाबून बसवला, थेंबभर पाणी जायला नको. मग माती, आणि मातीवर पुन्हा माती.

हमरोखान भिंतीवरून डोकावली. "अगं बाई, वेल पुरतेस की नवरा?"

"दोघंही थंडीला भितात," मुअत्तर म्हणाली.

त्या हिवाळ्यात ती फार समाधानात होती, खरं सांगते. थंडी तशी पडलीच नाही, नुसता पाऊस आणि चिखल. सकाळी उठली की खिडकीतून तो मातीचा उंचवटा बघायची आणि चहा ओतायची. नोदिरला फोनवर सांगायची, "तुझे बाबा मजेत आहेत." तो बिचारा पैसे पोचले का, ते विचारायचा.

मार्चमधल्या नवरोज सणाच्या आदल्या आठवड्यात सगळ्या गल्लीनं वेल उकरले. तिनंही उकरला. कागद उचलला आणि आतून असा वास आला की ती मागच्या मागे बसली. चपान हिरव्या-काळ्या बुरशीनं माखलेला. वेलाची साल हाताला लागताच सोलून आली, आत काळा चिखल.

रहीम आला. नखानं इथं खरवडलं, तिथं खरवडलं. मग खाली बुंध्याशी सुरीनं छेद दिला आणि सुरी मिटून खिशात टाकली.

"खाला, ह्याला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती तुम्ही. एगमकाका एका टोकाला बोरूची उभी पेंढी खोचून ठेवायचे, हवेसाठी. बघितली नव्हती का?"

बघितली होती की! तिला वाटायचं, वेल कुठं पुरलाय त्याची ती खूण असेल.

"मुळातून फुटेल का रे?"

"बघूया," रहीम म्हणाला. आमच्याकडे 'बघूया' म्हणजे काय ते पोरंसुद्धा ओळखतात.

तिनं वाट बघितली. जर्दाळूचा बहर आला नि गेला, तुती पिकून गल्लीभर सडा पडला, लोकांच्या मांडवावर पानं धरली. हिच्या बुंध्याला एक डोळा फुटला नाही. रहीमनं शेवटी मूळ ओढून पाहिलं तर ते हातातच आलं.

त्या दिवशी हमरोखान गरम नान घेऊन आली आणि बाजेच्या कडेवर टेकली. नानचा एक तुकडा मोडला.

"एक सांगू? मी चोरली होती एक काडी. एगम तंदूरपाशी शिंकायला वळला तेवढ्यात घातली बाहीत."

मुअत्तरनं तिचा हात असा धरला की नान खाली पडली. नान जमिनीवर पडू देणारी बाई नाही ती, पण तिनं खाली बघितलंही नाही. "कुठाय? ओपा, कुठाय ती?"

"नाही लागली गं. दोनदा लावली, दोन्हीदा वाळली. त्याचेच तळतळाट, दुसरं काय."

मुअत्तर हसायला लागली. हमरोखानही हसली, कारण तिला कळेना की दुसरं काय करायचं. मग मुअत्तरचं हसणं थांबेचना, आणि कधी रडं झालं ते आम्हाला भिंतीपलीकडून समजलं नाही.

"कंजूष मेला," ती म्हणत होती. "जाताना एवढंसुद्धा मागं ठेवलं नाही. आणि होतं तेवढं मी घुसमटवून मारलं."

हमरोखान 'नाही गं' म्हणाली नाही. ती कधी खोटं बोलत नाही, तोच तर तिचा दुर्गुण. तिनं नान उचलली, फुंकर मारली, कपाळाला लावली आणि मुअत्तरच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मुअत्तरनं चपान धुवायला काढला. तीन पाणी झाली, बुरशी गेली, डाग राहिले. एगमचा वास पहिल्याच पाण्यात गेला. पिळायला हातात जोर नव्हता, तसाच गळता तिनं मोकळ्या मांडवाच्या दांडीवर टाकला. बाह्या खाली लोंबत होत्या.

ऊन आता चांगलं तापलं होतं, आणि मांडवाच्या काटक्यांमधून सगळं बाजेवर उतरत होतं. फक्त चपानाखाली, एका माणसापुरती सावली पडली होती. मुअत्तर किटली घेऊन तिथं जाऊन बसली.

"आलात?" तिनं विचारलं.

वारा नव्हता. सावली सरकली तशी ती सरकली. दुपारनंतर सावली बाजेवरून खाली उतरून अंगणात गेली, तेव्हा तिनंही किटली उचलली आणि मातीत जाऊन बसली.

चपान वाळला, तरी तिनं तो काढला नाही.