शिकेकाईच्या पायऱ्या

आमच्याकडे थोरल्या बाईला दॉ म्हणतात आणि बाप्याला ऊ; तर दॉ सॉ न्युनने चाळीस वर्षं टेकडीवरच्या पॅगोड्याच्या पायथ्याशी बसून बायकांना केस धुवायचं पाणी विकलं. शिकेकाई आणि एका झाडाची बुळबुळीत साल उकळून केलेलं. नवरा प्लेगात गेला. हिच्या जिभेची धार काही गेली नाही. इंग्रजांनी आमचा ब्रह्मदेशाचा राजा धरून रत्नागिरीला नेला तेव्हा अख्खं गाव रडलं. ही म्हणाली, "राजा नेला, पण धर्म थोडाच बोटीत मावतोय?"

पुढे एका वर्षी नवा गोरा अधिकारी आला आणि त्याचा निरोप आला: पौर्णिमेला बूट घालूनच वर येणार. या जिन्यावर राजासुद्धा अनवाणी चढायचा. एकदा बूट वर गेले की कायमचा पायंडा पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पॅगोड्याचे पंच ऊ फो थिट तर गारच पडले.

"दॉ, सरकारला नाही कोण म्हणणार?"

"तू म्हणूच नकोस, फो थिट. तुला जमायचंही नाही. पायऱ्या धुवायला बंदी नाही ना?"

पौर्णिमेला साहेब टाचा आपटत चढला. मागोमाग चाळीस बायका, कमरेवर घडे. बूट जिथे टेकला ती प्रत्येक पायरी त्या दॉच्या पाण्याने घासू लागल्या. वर पोचल्यावर साहेबाने वळून पाहिलं. त्याचा कारकून बा ल्विन ओरडला, "मावशी, साहेब विचारतायत, हे काय चाललंय?"

"सांग, घाण झाली की आम्ही धुतो. त्यांच्या घरी काय, चाटतात?"

कारकुनाने त्यातलं अर्धंच सांगितलं. साहेब हसला आणि उतरायला निघाला. पहिल्याच पायरीवर चामडी तळवा सटकला, साहेब दाणकन बसला, टोपी उड्या मारत खाली गेली. उठला, पुन्हा आपटला. जिना एकच. बायका मात्र पायाची बोटं रोवून खुशाल वर-खाली करत होत्या.

ऊन डोक्यावर आलं. साहेबाचा चेहरा टोमॅटो झाला. शेवटी तो खाली वाकला, नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि बूट हातात धरून, एकेक पायरी चाचपत, अनवाणी उतरू लागला.

काय आनंद झाला म्हणून सांगू! ऊ फो थिट ढसाढसा रडले. दॉने हात जोडले आणि सगळी टेकडी गरजली, "साधु! साधु! साधु!"

"काय म्हणतायत?" साहेबाने दातओठ खात विचारलं.

बा ल्विनने या वेळी काहीच गाळलं नाही. "म्हणतायत, फार चांगलं केलंत, साहेब."