अर्ध्या बर्फावरची फॉरवर्ड

सिंगापूरला निघण्याच्या आदल्या दिवशी मी बॅगेत लोकरी टोपी, हातमोजे आणि दोन जाड स्वेटर भरत होते, तेव्हा शेजारच्या कुलकर्णी वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांची बहीण नुकतीच तिकडे जाऊन आली होती. तिथे बारा महिने घाम येतो, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. त्या स्वेटरकडे बघत घरी गेल्या. संध्याकाळी त्यांच्या मिस्टरांनी येऊन माझ्या तब्येतीची चौकशी केली.

तेव्हा आधी खुलासा करते. मी नाशिकच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तरुणपणी चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळले, पुढे ती शिकवू लागले, आणि त्याच नादात काही वर्षांपासून हिवाळ्यात लडाखला जाऊन मुलींना बर्फावरची हॉकी शिकवते. नाशिकमध्ये बर्फ रसवंतीगृहात मिळतो, तेवढाच. तरीही ज्युनियर मुलींच्या भारतीय संघासाठी खेळाडू शोधणाऱ्या समितीत माझं नाव आहे. बाकीचे सगळे सदस्य लडाखचे. सिंगापूरहून सावंत नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलीचे व्हिडिओ पाठवले, तेव्हा मराठी माणसाशी मराठी बाईने बोलावं, एवढ्या एका कारणावर मला पाठवायचं ठरलं.

व्हिडिओत सोळा वर्षांची रेवा होती. फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल करणारी. पक (खेळातली रबरी चकती) घेऊन ती समोरच्या तिघींमधून अशी निघून जायची, की त्या तिघी नंतर एकमेकींकडे बघत राहायच्या. आम्हाला अशीच मुलगी हवी होती. आमच्या मुली काटक आहेत, दमत नाहीत, धक्के खातात, देतात. गोल मात्र फारसे होत नाहीत.

विमानतळावर महेश सावंत स्वतः आले होते. वेंगुर्ल्याचे, बरीच वर्षं बोटीवर मरीन इंजिनियर होते आणि आता किनाऱ्यावर राहून जहाजांची दुरुस्ती बघतात. एमआरटीने (इथली मेट्रो) आम्ही बेटाच्या पार उत्तर टोकाला, सेम्बावांगला गेलो. त्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून खाडीची एक पट्टी दिसते आणि तिच्या पलीकडे मलेशिया. महेशरावांनी तो देश मला शेजाऱ्यांची गच्ची दाखवावी तसा दाखवला.

रेवा खोलीतून बाहेर आली. उंची बेताची, हातापायांनी सडसडीत, केस ओले. मी पूर्वी खेळले आहे का, असं तिने इंग्रजीत विचारलं. मी मराठीत सांगितलं, हो, चाकांवर. तिने क्षणभर विचार केला.

"व्हील्स ऑल्सो कॅन लाह," ती म्हणाली.

'लाह' हे इथल्या बोलण्यातलं शेपूट आहे. कुठल्याही वाक्याला लागतं आणि बहुतेक वेळा समजूत घालतं. चाकंही चालतील, अशी माझीही घातली. पुढे मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं असं ठरून गेलं. आमचं कुठे अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला गेलो. बर्फाचं मैदान शहराच्या दुसऱ्या बाजूला, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर आहे. दुकानं उघडायची होती. खालच्या मजल्यावर एक बाई काचा पुसत होती आणि तिच्यासमोरून मी टोपी, हातमोजे आणि स्वेटर घालून सरकत्या जिन्याने वर गेले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिला आमच्यासारख्यांची सवय असावी.

बर्फाच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कमरेएवढे फोमचे ठोकळे मांडले होते. एका बाजूला रेवाचा संघ; दुसऱ्या बाजूला झालरीचे फ्रॉक घातलेल्या छोट्या मुली संगीतावर गिरक्या घेत होत्या. प्रशिक्षक लिम म्हणून चिनी गृहस्थ आहेत, साठीच्या जवळचे. त्यांनी सांगितलं की पूर्ण बर्फ क्वचित वाट्याला येतो. सराव अर्ध्यावर आणि सामनेही बहुधा अर्ध्यावरच, तिघी विरुद्ध तिघी.

मग रेवा खेळू लागली. चांगल्या स्केटरचा आवाज वेगळा असतो; पात्याने बर्फ कापताना तो खरवडल्यासारखा नसतो, कापड फाडल्यासारखा असतो. तिचा आवाज तसा होता. दोन पावलांत ती पूर्ण वेगात यायची, तेवढ्याच जागेत वळायची, आणि पक तिच्या काठीला बांधल्यासारखा बरोबर असायचा. काही वेळाने लक्षात आलं की मी हातमोजे काढून ठेवले आहेत आणि मला थंडी वाजत नाही.

दुपारी रेवाच्या आईने, अनघाने, मला तोआ पायोहला जेवायला बोलावलं होतं. ती पुण्याची, तिथल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करते. तोआ पायोह ही जुनी वस्ती आहे, आणि तिथलं हॉकर सेंटर (एका छपराखाली शेकडो खुर्च्या आणि भोवती खाण्याच्या टपऱ्या) दुपारी तुडुंब भरतं. मला एक रिकामं टेबल दिसलं. त्यावर टिश्यू पेपरचं पाकीट पडलं होतं. चांगली सोय आहे, असं मनात म्हणून मी ते फोडलं, घाम पुसला आणि बसले. थोड्या वेळाने एक गृहस्थ सूपचा वाडगा घेऊन माझ्यापुढे येऊन उभे राहिले. अनघाने मला हळूच सांगितलं की पाकीट ठेवणं म्हणजे जागा धरणं. याला 'चोप' म्हणतात. वापरलेला टिश्यू परत देण्यासारखा नव्हता. गृहस्थांनी तो मागितलाही नाही. ते समोरच्या खुर्चीवर बसले आणि शांतपणे सूप प्यायले.

मी कॅरट केक मागवला. त्यात गाजर नसतं आणि तो केकही नसतो. पांढरा मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वड्या अंड्यात परतलेल्या असतात. चव चांगली होती. मी तो खात असताना अनघाने विषय काढला.

ते कुटुंब इथे बरीच वर्षं आहे आणि आता नागरिकत्वासाठी अर्ज करायचा विचार होता. तसं झालं तर रेवाचा भारतीय पासपोर्ट जाणार, आणि भारताकडून खेळायचं दारही बंद होणार. माझं येणं ठरल्यावर महेशरावांनी अर्ज थांबवला होता. अनघाला ते पटलेलं नव्हतं. मुलीचं पुढचं शिक्षण इथे, मैत्रिणी इथे, आणि सगळं एका खेळासाठी लटकत ठेवायचं.

"ताई, महेशला आमची पोरगी देवाने पाठवल्यासारखी वाटते," ती म्हणाली. "तुम्ही मला खरं सांगा. 'बरी आहे' म्हणू नका. बरीसाठी मी थांबणार नाही."

रविवारी मलेशियाच्या मुलींशी सामना होता, पूर्ण बर्फावर. तो बघून सांगते, असं मी कबूल केलं. सूपवाले गृहस्थ उठताना आम्हा दोघींकडे बघून किंचित वाकले. त्यांना मराठी कळत नव्हतं. पण काहीतरी गंभीर चाललं आहे हे त्यांनी ओळखलं असावं.

शनिवारी महेशराव मला लिटिल इंडियात घेऊन गेले. पोहे, कोकम, हिंग अशी घरची खरेदी होती. मिठाईच्या दुकानांच्या आणि देवळाच्या गर्दीतून पिशव्या सांभाळत चालताना ते सगळं बोलले, निवडीचं सोडून. तरुणपणी त्यांची बोट एकदा हिवाळ्यात उत्तरेच्या एका गोठलेल्या बंदरात अडकली होती. धक्क्याजवळच्या बर्फावर तिथली पोरं हॉकी खेळायची आणि हे डेकवरून बघत राहायचे. इतका मोकळा खेळ आपण कधी बघितला नव्हता, असं ते म्हणाले. रेवा चालायला लागल्यावर पुढे कधीतरी ते तिला त्या मॉलमध्ये घेऊन गेले, ते एवढ्यासाठीच. मला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कोकमाचं पाकीट मात्र चार वेळा उलटसुलट करून वाचलं.

रविवारी फोमचे ठोकळे काढलेले होते. बर्फ एकदम दुप्पट झाला होता आणि जरा उघडावाघडा दिसत होता.

सामना सुरू झाला आणि रेवाने पक मिळवला. भिंतीला लागून ती सुसाट निघाली, मधल्या लाल रेघेपर्यंत आली आणि वळली. पक मागे देऊन टाकला. मला वाटलं, काही डावपेच असेल. पुढच्या वेळी तेच झालं. त्याच्या पुढच्या वेळीही. समोर कोणी नसताना ती रेघेपाशी येऊन वळत होती, आणि मलेशियाच्या मुलींना हे लवकरच कळलं. त्या रेघेच्या पलीकडे तिची वाट न बघता आपापली कामं करू लागल्या. त्यांनी दोन गोल केले.

महेशराव रेलिंग धरून उभे होते. अनघा खेळाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

तीन सत्रांपैकी पहिलं संपल्यावर प्रशिक्षक लिम माझ्यापाशी आले. पोरगी आज घाबरली आहे का, असं त्यांनी विचारलं. मला तसं वाटत नव्हतं. मी त्यांना लाल रेघ दाखवली आणि म्हटलं की रोज तिथे फोम असतो. लिम यांनी वळून रेघेकडे बघितलं. मग म्हणाले की मी आतापर्यंत तिला नुसतं 'जा, जा' ओरडत होतो. आता तुम्हीच सांगा.

निवड करायला आलेल्या माणसाने सामना चालू असताना खेळाडूशी बोलायचं नसतं. मी बाकापाशी गेले.

"रेवा, मधल्या रेघेवर तू दरवेळी वळतेस," मी म्हटलं. "तिथे आज काही नाहीये."

ती आधी नाही म्हणाली. मग तिने मान वळवून बर्फाकडे बघितलं. तिचा चेहरा पडला आणि ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली.

"मला माहीतच नव्हतं."

"कसं असणार? तेवढ्याच जागेत शिकलीस."

दुसऱ्या सत्रात ती रेघेपाशी आली, तेव्हा तिचा वेग कमी झाला. तिने खाली बघितलं आणि अनोळखी घराचा उंबरा ओलांडावा तशी रेघ ओलांडली. तेवढ्यात समोरच्या मुलीने पक काढून घेतला. त्यानंतरच्या वेळी तिने खाली बघितलं नाही.

तिसऱ्या सत्रात तिने स्वतःच्या गोलामागून पक घेतला. आतापर्यंत मी तिचा वेग बघितला आहे असं मला वाटत होतं. रेघ ओलांडताना माझ्या लक्षात आलं की तो वेग अजून वाढतोच आहे. दोघी बचावपटू तिच्या वाटेत आल्या, म्हणजे ती जिथून गेली तिथे नंतर आल्या. तिचा फटका खांबाला लागून बाहेर गेला आणि ती स्वतः थांबू न शकल्याने पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळली. अनघा उभी राहिली. रेवा बर्फावर उताणी पडली होती आणि हसत होती. त्यानंतर तिने एक गोल केला. सामना आम्ही हरलो. 'आम्ही' हा शब्द समितीच्या सदस्याने वापरू नये, हे मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी मी सांगितलं. ती बरी नाही, चांगली आहे. आमच्याकडे आहेत त्या सगळ्यांपेक्षा चांगली. ती संघात येईल. पण लेहमध्ये आमचा बर्फ बहुतेक उघड्यावरचा, हिवाळ्यापुरता. उंचीवर दम लागतो, ओठ फुटतात, सामने कमी मिळतात. मैत्रिणी लडाखीत बोलतील आणि हिला सुरुवातीला विनोद कळणार नाहीत. यातलं काही लपवून मी तिला नेणार नाही.

मग रेवाने विचारलं, "आंटी, तिकडचं आइस... फुल साइझ?"

"एक रीतसर मैदान आहे. सराव पुष्कळदा तळ्यावर होतो. ते कोणी मोजलेलं नाही. काठ आला की संपतं."

"मग मी जाते," ती म्हणाली.

अनघाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एक हिवाळा," ती म्हणाली. "अर्ज तोवर थांबेल. नंतर पुन्हा बोलू."

महेशराव पाणी आणायला म्हणून उठले होते. एका तांब्यासाठी ते स्वयंपाकघरात फार वेळ थांबले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता आणि पाणी आणायचं राहून गेलं होतं.

मी नाशिकला परत आले. समितीने रेवाचं नाव मान्य केलं, हिवाळ्याचं तिकीट निघालं, आणि अनघा हल्ली मला लोकरी मोज्यांचे फोटो पाठवून कुठले घेऊ म्हणून विचारते. हे सगळं ठरल्यासारखं झालं. न ठरलेली गोष्ट वेगळीच झाली.

परतल्यानंतरच्या एका सोमवारी शाळेत मी सातवीच्या मुलींची शर्यत लावली. आमचं मैदान लहान आहे. शेवटच्या रेघेला लागूनच कुंपणाची भिंत. शिटी वाजली, मुली धावल्या, आणि मी आजवर बघत आले होते तेच पुन्हा घडलं. रेघ यायच्या पुष्कळ आधीच एकूण एक मुलीने वेग कमी केला. दरवर्षी मी त्यांच्या वेळा नोंदवते आणि अमकी वेगवान, तमकी हळू, असं ठरवून टाकते.

मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि वर्गाला बाहेरच्या मोठ्या मैदानावर न्यायची परवानगी मागितली. त्यांनी कारण विचारलं. मुली किती जोरात धावतात ते बघायचं आहे, असं मी सांगितलं.

"इथे धावतातच की रोज," ते म्हणाले.

"इथे त्या थांबतात, सर," मी म्हटलं.

त्यांनी मला सिंगापूरची हवा मानवली ना म्हणून विचारलं, आणि सही केली.