माझ्या बाळंतपणाची बाज

दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेले ती सासरी परतलेच नाही. नवऱ्याला नाशिक रोडला नोकरी लागली होती. धाकटी मांडीवर, थोरली खिडकीशी, अशी दिंडोरीजवळच्या आमच्या गावातून टेम्पोनं थेट फ्लॅटवर निघाले. टेम्पो सुरू झाला तशी आई पुढं आली. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "तुझी बाज मोडत नाय मी. पोराच्या वक्ताला लागंल."

बाज म्हणजे बाळंतिणीची. खाली शेगडी, वर गोधडी, आणि डिंकाचे लाडू खात पडलेली मी. दोन्ही मुलींच्या वेळी तीच. आता मुलगा होणार हे आईनं गृहीत धरलं होतं, छाटणीनंतर द्राक्षाला फूट येणार हे आम्ही गृहीत धरतो तसं.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, नाशिक रोड काही लांब नाही. पण तुमच्याकडे एखादीची पाळी चुकली की दुपारपर्यंत आळीभर होतं. इथं शेजारच्या दारातल्या बाईंना वर्षभर माझं नावही माहीत नव्हतं. माझ्यासारख्या फ्लॅटात आलेल्या बऱ्याचजणी याचंच रडगाणं गातात. मला तर ते फार आवडलं. मी शाळेत शिकवायला लागले, स्टाफरूममध्ये माझा स्वतःचा कप आला, मुलीही शाळेत जाऊ लागल्या.

आणि मग एके महिन्यात माझी पाळी चुकली. तांबी सोसेना म्हणून काढली होती, बाकीच्या काळजीनं दगा दिला. टेस्टवर दोन रेघा. मला तिसरं मूल नको होतं. आजार नव्हता, अडचण नव्हती, नको होतं. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." मग आईला फोन केला. सवयच तशी, तिला न विचारता मी कुकरही घेतला नव्हता.

आई आधी हरखली, मग माझा विचार ऐकून भडकली. "जीव हाय त्यो. पाडायचा म्हंजे पाप हाय." तिचं हे मला ढोंग वाटत नाही. माझ्या पाठचा भाऊ पाचवी पुजायच्या आधीच गेला, त्याची आठवण ती अजून काढते. पण जरा वेळानं आवाज खाली घेऊन तीच म्हणाली, "थांब थोडी. एका ठिकाणी बघून सांगत्यात म्हणं. पोरगी असली तर मग कर तुझ्या मनासारखं."

"मग तेव्हा पाप कुठं जातं गं?"

माझ्या दोन्ही मुली समोर गृहपाठ करत होत्या. मला भयंकर राग आला. बघून सांगणं गुन्हा आहे, ते तिलाही ठाऊक होतं. पण त्या रागातच मला स्पष्ट दिसलं, ठरवायचं तर लगेच, मुलगा की मुलगी हे कुणालाही कळू शकत नाही तेव्हा. मला मूल नको होतं. मुलगी नको म्हणून नव्हे. उद्या माझ्या मुलींनी विचारलं, तर त्यांच्या डोळ्यांत बघून हे सांगता आलं पाहिजे.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि विचारलं, "कुणाचा दबाव नाही ना?"

"आहे," मी म्हटलं. "ठेवण्याचा."

त्या हसल्या. सही माझ्या एकटीची पुरली.

रडले का? रडले, एकदा, भांडी घासताना. वाईट वाटलं, चूक वाटली नाही. आजही वाटत नाही.

आईला सांगितलं तेव्हा तिनं फोन ठेवून दिला. रविवारी माझा धाकटा भाऊ दारात उभा. "चल, आईनं बोलावलंय." आता तमाशा होणार म्हणून मी रस्ताभर उत्तरं जुळवत गेले. आत पाऊल टाकलं तर बाज घातलेली. खाली शेगडी, उशाशी कानाला बांधायचा रुमाल. आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला नाय पटलं. मरस्तोवर नाय पटायचं. पड आधी, अंग गार पडलंय तुझं."

मी पडले. तिनं पायांना तेल चोळलं आणि चोळता चोळता मला भरपूर बोलली. मीही बोलले. माघार कुणीच घेतली नाही.

पुन्हा ही वेळ नको म्हणून नवऱ्यानं नसबंदी करून घेतली. गावात बायकांची ऑपरेशनं रांगेनं होतात, कुणी वळून बघत नाही. पुरुषाचं म्हटल्यावर मात्र भावानं काळजीनं विचारलं, "दाजींना फवारणीचा पंप उचलंल का आता?" आई तर माझ्या वेळेपेक्षा जास्त चिडली. पुष्कळ दिवस अबोला. मग द्राक्षांच्या गाडीबरोबर डबा आला, डिंकाच्या लाडवांचा. मी फोन केला, "अगं, मी ठणठणीत आहे."

"तुझे नायत ते," आई म्हणाली. "जावईबापूंचे हायेत. आन् त्यांना सांग, सव्वा महिना वजन उचलायचं नाय."

घर आता माझं नाशिक रोडलाच आहे, मी निवडलेलं. बाज अजून गावात आहे, आईनं ती मोडलेली नाही. तिच्यावर मनुके वाळत घालते. मी गेले की मनुके बाजूला सारून मला जागा करते, आणि भांडण मागच्या खेपेला जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू करते.