न निघालेल्या रेडिओचे जाणकार

बाजारात आलेल्या रेडिओबद्दल कुणीही बोलेल. आमचे पार्सलबाबू बोलायचे ते न आलेल्या रेडिओबद्दल. कारखान्यात ज्याचा अजून खिळाही ठोकलेला नाही, त्या रेडिओला बटणं किती, दिवा कुठल्या रंगाचा आणि पाठीमागे भोकं किती, हे ते शेगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बसून छातीठोकपणे सांगत. गावातली शहाणीसुरती माणसं ते ऐकून माझ्या दुकानाच्या पायरीवरून परत जात. माझं दुकान रेडिओचं होतं. तरीही या माणसाबद्दल मी प्रेमाने लिहायला बसलो आहे, यातच काय ते समजा.

नवं राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. त्या काळी घरात रेडिओ आणणं म्हणजे जावई शोधण्याइतकं जोखमीचं काम. पोस्टात जाऊन लायसन काढायचं, छपरावर तार बांधायची आणि मग ऐकायला जमलेल्या आळीला चहा पाजायचा. एवढा मोठा निर्णय कुणी एकट्याने घेत नसे. गिऱ्हाईक आधी माझ्याकडे येई, रेडिओच्या लाकडावरून हात फिरवी, चार गाणी फुकट ऐकी आणि "येतोच" म्हणून स्टेशनकडे वळे. तिथे पार्सलबाबू चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "घ्या ना. काऊन नाई घ्यायचा? पण जरासक थांबा." त्यांच्या या 'जरासक थांबा'ने माझी जेवढी गिऱ्हाइकं मोडली, तेवढी गावातल्या दुसऱ्या दुकानदारानेही मोडली नसतील.

बाबूंच्या साऱ्या ज्ञानाचा उगम पार्सल ऑफिसातल्या काट्यात होता. मुंबईहून येणारी रेडिओची खोकी त्यांच्या हाताखालून जात. त्यांनी कुणाचं खोकं कधी उघडलं नाही; त्या बाबतीत माणूस सोन्यासारखा. पण वजन करणं तर त्यांचं कामच होतं. खोकं काट्यावर चढलं की ते त्यावर टिचकी मारत, फटीतून डोकावणारा पेंढा हुंगत, आणि मग डोळे बारीक करून निकाल देत, "मागच्या खेपेपेक्षा पावशेर जास्त भरलं. आत काहीतरी वाढवलं आहे बरं कंपनीनं." कागदावर ते सरकारी नियमाप्रमाणे किलो लिहीत, विचार मात्र शेरातच करीत.

दुर्दैव माझं असं, की एकदा त्यांचं म्हणणं खरं ठरलं. एका उन्हाळ्यात ते दुकानात येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, बाहेरगावच्या दुकानदाराचं एक खोकं हलकं भरलं. चांगलं दोन शेर. मले वाटते, आतले काचेचे बल्ब गेले." मी हसलो. बल्बांशिवाय रेडिओ म्हणजे चाकांशिवाय बैलगाडी, असं काहीसं मी बोललो. दिवाळीच्या सुमाराला कंपनीचं पत्र आलं, की नव्या रेडिओत बल्ब नाहीत, ट्रान्झिस्टर आहेत. झालं! बाबूंना गावात देवर्षीचा मान मिळाला. त्यानंतर लोक पोरीची पत्रिका एक वेळ जोशीबुवांना दाखवणार नाहीत, पण रेडिओ घ्यायचा तर बाबूंना विचारणार.

मग एका पावसाळ्यात खोकं तीन शेरांनी जड भरलं. बाबू दोन रात्री झोपले नाहीत म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या रेडिओच्या पोटातच ग्रामोफोन बसवला आहे, तबकडी खालच्या खणात सरकवायची. चार दिवस माझ्या दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. अखेर मीच ते खोकं दहा माणसांसमक्ष उघडलं. आत नेहमीचा रेडिओ होता आणि भोवती चिंब भिजलेला पेंढा. वाटेत वॅगनमध्ये पाणी झिरपलं होतं. मी विजयाने बाबूंकडे पाहिलं. त्यांनी पेंढा हातात पिळला, थेंब पडताना पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे कंपनीनं आयत्या टायमाले काढून घेतला."

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? त्यांच्या अंदाजांना लोभ नव्हता, कमिशन नव्हतं. बातम्या चालू असताना घरात कुणी बोललं तर आपोआप आवाज चढवणारा रेडिओ निघणार, वीज गेली की राहिलेलं गाणं वीज आल्यावर तिथूनच पुढे म्हणणारा निघणार, असं ते सांगत तेव्हा त्यांचा चेहरा बारशाला आलेल्या आत्याबाईसारखा खुललेला असे. मात्र या सगळ्यात एक अंदाज असा होता, की तो सांगताना ते हसत नसत. माझ्याकडच्या एका सेटच्या पाठीवर पत्र्याने झाकलेलं एक छोटं भोक होतं. मला वाटे कारागिराची चूक. बाबू म्हणत, "उगाच कोणी जागा सोडते काय? पंगतीत पाट मांडला म्हणजे जेवणारा येतेच. याच्यात एक नळी येईल, भाऊ. एक टोक इथं अन् दुसरं माणसाच्या कानात. बारीक आयकू येणाऱ्याले सुद्धा साफ आयकू येईल."

बारीक ऐकू येणारं माणूस त्यांच्या घरातच होतं. वहिनींचे कान, म्हणजे बाबूंच्या बायकोचे, हळूहळू जात होते. अकोल्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं, की आहे ते आणखी कमीच होणार, वाढणार नाही. घरात मूलबाळ नव्हतं. वहिनींना गाण्याचा, त्यातून भजनाचा, भारी सोस. तेव्हा घरात रेडिओ यायचा, तर तो कानात नळी घालायचा, असं बाबूंनी ठरवून टाकलं होतं. तो निघेपर्यंत ते थांबणार होते. गावाला थांबायला सांगणारा हा माणूस स्वतः सगळ्यांत आधीपासून थांबून राहिला होता.

वहिनी दर गुरुवारी मंदिरातून परतताना दुकानात येत. हातात प्रसादाची पुडी. मी स्टूल देई, नागपूर केंद्र लावून देई, आणि त्या बायकांचा कार्यक्रम संपेपर्यंत बसत. स्वभाव मोठा खट्याळ. एकदा मी म्हटलं, "वहिनी, बाबू तुमच्याशी लग्न करतानाही थांबले होते काय?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "थांबले ना! मले पाहून गेले अन् सहा महिने गप. अजून चांगली निघते काय म्हणून पाहत होते."

"मग?"

"मग काय? निघाली नाई."

पण त्यांचं स्टूल पुढे सरकत होतं. पहिल्या वर्षी त्या दाराशी बसून ऐकत. मग टेबलाच्या अलीकडे आल्या. मग टेबलाला खेटून. पुढच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी त्यांनी रेडिओच्या जाळीदार कापडाला थेट कान लावला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, जरासा वाढवा ना." आवाज पूर्ण वाढवलेला होता. समोरचा पानवाला ओरडत होता, की कमी करा म्हणून. मी बटणाला उगाच हात लावला आणि म्हटलं, "वाढवला." बरं वाटल्यासारख्या त्या हसल्या.

मी दुकान तसंच उघडं टाकून स्टेशनवर गेलो. बाबू एका खोक्यावर टिचकी मारत होते. "या भाऊ," ते म्हणाले, "हे पाहा, यंदा आकारच बदलला..."

"चुलीत घाला तुमचा आकार!" मी ओरडलो. हमाल बघत राहिले. "रेडिओ निघेल हो बाबू, नळी पण निघेल. पण ती घालायले कान राह्यतील काय? डब्याची वाट पाहता पाहता गाडीच निघून चालली तुमची!"

टिचकी मारायला उचललेला हात तसाच खोक्यावर ठेवून बाबू उभे राहिले. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून गेलेले होते. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढतो तो बाबू पायरीवर उभे. बरोबर एक हमाल. मी नवे सेट दाखवायला पुढे केले. कुठल्याही सेटची पाठ त्यांनी पाहिली नाही, हातात उचलून वजनही केलं नाही. "कोणता देऊ?" मी विचारलं.

"जो वाजते तो."

मी त्यांना माझ्याकडचा सगळ्यांत मोठ्या आवाजाचा, दुकानात वाजणाऱ्या सेटच्या तिप्पट गरजणारा, मागे पडून असलेला जुना, बल्बांचा सेट दिला. संध्याकाळी त्यांच्या कडुलिंबावर चढून तार मीच बांधली. वहिनींनी रेडिओला हळदकुंकू लावलं, आणि पहिलंच भजन लागलं तेव्हा मधल्या खोलीतून ओरडल्या, "अवो, मले इथं आयकू येऊन राह्यलं!" बाबू आढ्याकडे बघत होते. त्यानंतर त्या घरातला रेडिओ साऱ्या आळीला ऐकू जाई. कुणी तक्रार केली नाही. गावाने चिडवायचं मात्र सोडलं नाही. "काऊन बाबू, आमाले थांबा म्हणता अन् तुमी जुनंच मॉडेल घेऊन बसले?" बाबू म्हणत, "तुमचं अलग, माझं अलग. तुमी थांबा."

दोन वर्षांनी त्यांची बदली बडनेऱ्याला झाली. जाताना रेडिओचं खोकं त्यांनी स्वतः काट्यावर ठेवलं. त्याच्याकडे बघून मला म्हणाले, "भरपूर भरलं, भाऊ." नंतर पत्रं येत राहिली. पत्रात नव्या रेडिओंचे अंदाज असत आणि शेवटच्या ओळीत, 'हिचं बरं आहे, रेडिओजवळ बसते.'

आणि मग तो रेडिओ खरंच निघाला. लहानसा, मांडीवर मावणारा, आणि बाजूला एक भोक. त्यात पिन घालायची, दुसऱ्या टोकाला शेंगदाण्याएवढी गोळी, ती कानात. पहिल्या खेपेतला पहिला सेट मी गिऱ्हाइकाला दाखवलाच नाही. पिशवीत घातला आणि पॅसेंजरने बडनेरा गाठलं.

बाबूंनी तो दोन्ही हातांत घेतला. पिन आत-बाहेर केली. मग वहिनींच्या कानात ती गोळी त्यांनी स्वतः बसवली, नाकातली चमकी घालावी इतक्या जपून. मी नागपूर लावून पिन खोचली. वहिनींचा चेहरा उजळला. डोळे मिटून त्या मान डोलवू लागल्या, बोटांनी गुडघ्यावर ताल धरला.

लागलेलं भजन कोणतं ते बघावं म्हणून मी पिन जराशी बाहेर ओढली. खोलीत आवाज आला. कापसाचे बाजारभाव चालले होते. खामगाव, अकोला, अमरावती. वहिनींचा ताल चालूच होता.

मी दुसरं काही लावायला हात पुढे केला. बाबूंनी माझं मनगट धरलं, पिन परत आत सारली, आणि वहिनींपुढे बसून बोटांनी खूण केली, कसं आहे? वहिनी जोरात म्हणाल्या, "लय साफ आहे! म्हणलं होतं ना तुमी, निघते म्हणून!" बाबूंनी मान हलवली. त्याही त्यांच्याकडे बघून हसल्या. कोण कुणाचं मन राखत होतं, ते दोघांनाही ठाऊक असावं.

संध्याकाळी ते मला पोचवायला स्टेशनवर आले. फलाटावर मुंबईची खोकी रचलेली होती. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. गाडीला वेळ होता. मी आपलं काहीतरी म्हणून विचारलं, "बाबू, आता पुढच्या मॉडेलात काय निघेल हो?"

"आता कायचं पुढचं मॉडेल, भाऊ," ते म्हणाले. मग माझा खांदा धरून, "दोन सालं चांगलं आयकलं तिनं. तुमी त्या दिवशी भांडले नसते, तर मी तेही थांबवलं असतं."